मांडवीचे डॉक्टर आणि माझगांवचे काका

धोबी तलावावरून मेट्रो सिनेमाकडे जातांना तेथला एक पुतळा श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं शेंकडों वेळां पाहिला असेल. तो कोणाचा, असें विचारलें तर मात्र दहांपैकीं नऊ जण अडखळतील. माझगांवच्या भंडारवाडा टेकडीवर सायंकाळीं हवा खाण्यास जाणाऱ्यांना, तेथील बागेस ज्यांचें नांव दिलें आहे ते जोसेफ बॅप्टिस्टा कोण, हें सांगतां येईलच अशीहि खात्री नाहीं. पुतळा आहे डॉ. अकाशियो गॅब्रिएल व्हिएगस यांचा. दोघेहि धर्मानें ख्रिस्ती. दोघेहि मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे सभासद व पुढें अध्यक्ष. एकानें शहराला तें ऐकूं इच्छीत नव्हतें अशी गोष्ट सांगितली. दुसऱ्यानें आपल्या लहानशा समाजाला, तो जेथें जाण्यास कचरत होता तेथें, स्वतः पुढें होऊन वाट करून दिली.

मुंबईच्या देशी ख्रिस्ती लोकांविषयीं आपल्याकडे जी समजूत असते ती बहुधा ढोबळ असते. या शहरांत त्यांच्या दोन मोठ्या शाखा आहेत व त्यांच्यांतील भेद थोडा नाहीं. पहिली शाखा इथल्याच मातीची. इ. स. १५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहानें वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवालीं केला. त्यानंतरच्या दोन शतकांत वसई, साष्टी, उत्तन, माहीम, माझगांव येथील कोळी, कुणबी, भंडारी इत्यादि ज्ञातींतील पुष्कळ कुटुंबें ख्रिस्ती झालीं. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली, १७७४ सालीं इंग्रजांनीं साष्टी घेतली. राज्यें आलीं आणि गेलीं. हे लोक आपल्या वाड्यांत, पाखाड्यांत, भातशेतांत आणि मचव्यांवर होते तसेच राहिले. त्यांची घरची बोली मराठीच. लग्नाच्या आदल्या दिवशीं वाजतगाजत उंबराचें पाणी आणण्याची चालहि त्यांनीं टाकली नाहीं.

दुसरी शाखा गोव्याहून पोटामागें आलेली. कोणी बोटींवर खलाशी, कोणी साहेब लोकांकडे खानसामा, कोणी वाजंत्री, कोणी शिंपी. धोबी तलावाच्या आसपास त्यांच्या गांवोगांवच्या 'कुडी' होत्या, आणि बोट लागल्यावर आलेला माणूस आपल्या गांवच्या कुडींत ट्रंक ठेवून निर्धास्त होई. सरकारी व रेल्वेच्या नोकऱ्यांत या दोन शाखांची चढाओढ लागली, तेव्हां इथल्या जुन्या रहिवाशांनीं आपण वेगळे आहों हें दाखविण्याकरितां १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षीं, 'ईस्ट इंडियन' हें नांव घेतलें. पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्यांनीं पूर्वेचें नांव घ्यावें याचा अचंबा वाटेल. पण ईस्ट इंडिया कंपनीशीं आपला जुना संबंध आहे, हें सरकारच्या मनावर ठसविणें हा त्यांतला हेतु होता. नांव घेण्यांत राजनिष्ठेचा भाग केवढा होता, हें पुढील हकीकत ऐकतांना ध्यानांत ठेवावें.

डॉ. व्हिएगस हे गोव्याच्या शाखेचे. जन्म १८५६ सालीं, बार्देशांतील हडफडें या गांवीं. मुंबईस येऊन सेंट झेवियर्स कॉलेजांत शिकले, ग्रँट मेडिकल कॉलेजांतून डॉक्टर झाले आणि मांडवींत दवाखाना घालून बसले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींची वस्ती. भाटे, लोहाणे, वाणी, खोजे यांची पेठ. तेथें त्यांच्या धर्माचीं माणसें थोडींच. रोगी सर्व परक्या जातीचे, आणि त्यांचा विश्वास हीच डॉक्टरांची मिळकत. १८८८ सालीं मुंबईच्या म्युनिसिपालिटीचा नवा कायदा झाला. फिरोजशहा मेथा यांचा त्यांत मोठा हात होता. त्या कायद्यानें कॉर्पोरेशनचे ७२ सभासद ठरले; त्यांपैकीं ३६ वॉर्डांतील करदात्यांनीं निवडावयाचे, बाकीचे जस्टिसांनीं, विद्यापीठाच्या फेलोंनीं, चेंबर ऑफ कॉमर्सनें व सरकारनें पाठवावयाचे. धर्माच्या नांवावर राखून ठेवलेली जागा त्यांत एकहि नव्हती. ज्याला यावयाचें त्यानें सर्वांचा म्हणूनच यावें अशी ती रचना होती. तिचा परिणाम माणसांवर कसा झाला, हें व्हिएगस यांच्यावरून दिसतें.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवींतील वखारींत उंदीर मरून पडूं लागले. मागोमाग माणसें आजारी पडलीं. जोराचा ताप, भ्रम, जांघेंत किंवा काखेंत गांठ, आणि तीन-चार दिवसांत मृत्यु. हाँगकाँगांत दोनच वर्षांपूर्वीं प्लेगची सांथ होऊन गेली होती व तिचे जंतूहि शास्त्रज्ञांनीं तेथेंच शोधून काढले होते. हाँगकाँग आणि मुंबई यांच्यामध्यें जहाजांची सारखी ये-जा होती. व्हिएगस यांनीं रोग ओळखला. कॉर्पोरेशनच्या स्टँडिंग कमिटीचे ते सभासद होते. २३ सप्टेंबर रोजीं त्यांनीं कमिटीपुढें उघड सांगितलें कीं, मांडवींत गांठीचा प्लेग शिरला आहे.

हे चार शब्द उच्चारण्यांत काय धोका होता, याची आज कल्पना येणें कठीण. मुंबईचें सारें जीवित बंदरावर. प्लेगचें नांव निघालें कीं परदेशचीं बंदरें मुंबईच्या जहाजांना दारें लावणार, कापसाचे गठ्ठे गोदींत पडून राहणार, गिरण्या बंद पडणार. म्युनिसिपालिटीच्या आरोग्यखात्यानेंहि सुरुवातीस हात राखून 'संशयास्पद ताप' असेच शब्द वापरले. ज्या व्यापाऱ्यांच्या औषधोपचारांवर डॉक्टरांचा चरितार्थ चाले, त्यांच्याच व्यापारावर हा घाला होता. शिवाय निदान चुकलें असतें तर घाबरट म्हणून जन्मभर हंसें झालें असतें तें वेगळेंच. पुढें तज्ज्ञांकडून तपास करविण्यांत आला व निदान खरें ठरलें.

येथें गोष्ट संपली असती तर ती शाळेच्या क्रमिक पुस्तकांत घालण्यास ठीक झाली असती. पण खऱ्या निदानाच्या पाठोपाठ जें आलें तें कोणासच आवडणारें नव्हतें. ऑक्टोबरच्या आरंभीं म्युनिसिपल कमिशनरांनीं रोग्यांना सक्तीनें इस्पितळांत नेण्याचा अधिकार हातीं घेतला. घरें धुवून काढण्यांत आलीं, छपरें उघडलीं गेलीं, सामान जाळलें गेलें. इस्पितळांत गेलेला परत येत नाहीं असा बोभाटा झाला आणि ऑक्टोबरअखेर सुमारे हजार गिरणीकामगारांनीं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला चढविला. पुण्यास पुढील वर्षीं काय झालें, रँडसाहेबांचा खून कां झाला, हें महाराष्ट्रांत सांगावयास नको. मुंबईंतून लोक गांठोडीं बांधून बोटींनीं, गाड्यांनीं, पायीं निघाले. कांहीं महिन्यांत सुमारें निम्मी मुंबई ओस पडली. १८९१ च्या खानेसुमारींत ८,२१,७६४ असलेली वस्ती १९०१ सालीं ७,७६,००६ भरली. दहा वर्षांत वाढावयाचें शहर घटलें.

ज्यानें रोगाचें नांव घेतलें त्यालाच लोकांनीं या सर्व जुलमाचा बोल लावला असता तर तें अस्वाभाविक नव्हतें. व्हिएगस यांचें मोठेपण येथें आहे कीं, कमिटींत बोलून ते घरीं बसले नाहींत. उंदीर मारणें, गटारें साफ करणें, दाट वस्तींतील कोंडलेल्या खोल्या मोकळ्या करणें यांचा त्यांनीं पिच्छा पुरविला. हाफकिन यांनीं मुंबईंतच प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. लस टोंचली कीं माणूस मरतो, जात बाटते, असल्या कंड्या पिकल्या असतां व्हिएगस यांनीं सुमारें १८,००० लोकांना आपल्या हातानें लस टोंचली. ज्या वस्तींत शिपाई आल्यावर दारें बंद होत, तेथें नेहमींच्या डॉक्टराला दार उघडत असे. शिपायाच्या आणि डॉक्टराच्या हुकुमांत फरक असतो तो इतकाच. पण सांथींत तेवढ्यावर प्राण अवलंबून असतात.

पुढें १९०६ सालीं ते कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. देशी ख्रिस्ती गृहस्थाला तो मान प्रथमच मिळाला. १९३३ सालीं ते वारले.

त्या प्लेगच्या दिवसांत मुंबईच्या ख्रिस्ती गांवठाणांतून ठिकठिकाणीं क्रूस उभारले गेले. चर्चपर्यंत जाण्याची भीति वाटे म्हणून लोक आळींतल्या क्रूसापुढेंच मेणबत्त्या लावून प्रार्थना म्हणत. माझगांवची माथारपाखाडी हें असेंच एक गांवठाण. लांकडी जिने, कौलारू पडव्या, अरुंद बोळ, आणि चोहोंकडून वाढत आलेली मुंबई. या पाखाडींत १७ मार्च १८६४ रोजीं जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म झाला. वडील मूळ उत्तनचे. म्हणजे कुटुंब ईस्ट इंडियन, किनाऱ्यावरच्या मराठी बोलणाऱ्या लोकांतलें. माझगांवच्या सेंट मेरी शाळेंत व पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजांत शिक्षण झाल्यावर ते केंब्रिजला गेले व बॅरिस्टर होऊन परतले. अशा मुलानें हायकोर्टांत नांव काढावें, मलबार हिलवर बंगला बांधावा आणि ज्ञातीच्या समारंभांत पहिल्या खुर्चीवर बसावें, एवढीच त्या काळीं अपेक्षा. बॅप्टिस्टा यांचें आयुष्य निराळ्या वळणानें गेलें, त्याचें कारण लोकमान्य टिळक.

टिळकांच्या राजकारणाचा पोशाख उघड उघड हिंदु होता. गणेशोत्सव, शिवजयंती, गीता हीं त्यांचीं साधनें. उलट ईस्ट इंडियन समाज राज्यकर्त्यांच्या धर्माचा, राणीच्या ज्युबिलींत नांव घेतलेला, आणि कस्टम, रेल्वे, सरकारी कचेऱ्या यांवर ज्याची चूल पेटे असा. या दोघांची गांठ पडणें कठीण आणि टिकणें त्याहून कठीण. ती पडली आणि टिकली. टिळकांच्या गोटांत बॅप्टिस्टा यांना सर्वजण 'काका' म्हणूं लागले. मराठींत हें संबोधन मागून मिळत नाहीं.

१९०९ च्या डिसेंबरांत नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा खून झाला व पुढील वर्षीं विनायकराव सावरकरांवर मुंबईस खास न्यायाधीशांपुढें खटला चालला. सावरकरांच्या बचावास जे वकील उभे राहिले त्यांत बॅ. बॅप्टिस्टा होते. सरकारी रोषाला न भिणारे वकील तेव्हां मोजकेच होते. ख्रिस्ती समाजांतून तर ही गोष्ट अगदींच नवलाची. खटल्याचा निकाल जन्मठेपेचा लागला. काकांचें नांव मात्र त्या दिवसापासून महाराष्ट्राच्या ध्यानांत राहिलें.

मंडालेहून सुटून आल्यावर टिळकांनीं २८ एप्रिल १९१६ रोजीं बेळगांव येथें होमरूल लीग स्थापन केली. अध्यक्षपद त्यांनीं स्वतः घेतलें नाहीं. तें बॅप्टिस्टा यांना देण्यांत आलें, आणि चिटणीस न. चिं. केळकर झाले. एक माथारपाखाडींतला ईस्ट इंडियन, एक पुण्याचा 'केसरी'चा संपादक. ज्युबिलीला एकोणतीस वर्षें झालीं होतीं. स्वराज्याची मागणी ब्राह्मणांची आहे, हिंदूंची आहे, या आक्षेपाला टिळकांनीं दिलेलें हें उत्तर होतें, असें म्हणण्यास जागा आहे. त्यावर कोणी असेंहि म्हणेल कीं, मग बॅप्टिस्टा हे शोभेचे अध्यक्ष. परंतु शोभेचा माणूस खुर्ची मिळाल्यावर तींत बसून राहतो. काका १९१७ सालीं विलायतेस गेले आणि तेथें सभांतून, मजूर पक्षाच्या मंडळींतून हिंदी स्वराज्याची बाजू मांडीत फिरले. इकडे लीगचे सभासद १९१७ च्या एप्रिलपर्यंत १४,००० व पुढील वर्षाच्या आरंभीं ३२,००० झाले. यांत एक गंमत होती. महाराष्ट्र, कर्नाटक, मध्यप्रांत व वऱ्हाड एवढें क्षेत्र टिळकांच्या लीगनें आपल्याकडे घेतलें, पण मुंबई शहर बेझंटबाईंच्या लीगकडे गेलें. काका ज्या संस्थेचे अध्यक्ष, तिचें राज्य त्यांच्या स्वतःच्या उंबरठ्यापर्यंत येत नव्हतें!

१९१९ सालच्या अखेरीस नव्या पक्षाचें व मुंबईंत त्याचें एक इंग्रजी दैनिक काढण्याचें घाटत होतें. काकांनीं थेट पाँडिचेरीस अरविंद घोषांना पत्र घातलें कीं, आपण येऊन संपादक व्हावें. अरविंदांनीं ५ जानेवारी १९२० रोजीं सविस्तर उत्तर लिहून नम्रपणें नकार दिला. राजकारणांत परतण्याची आपली वेळ नाहीं असें कळविलें. तें उत्तर पुढें प्रसिद्ध झालें व फार वाचलें गेलें. तें ज्याला लिहिलें त्याच्याकडे वाचकांचें लक्ष क्वचित् गेलें.

त्याच वर्षीं १ ऑगस्टला मुंबईंत सरदारगृहांत टिळक निवर्तले. महिन्याभरांत काँग्रेसनें असहकाराचा मार्ग धरला. काका कायदेमंडळांत शिरून सरकारला अडविण्याच्या मताचे. त्यांना बहिष्कार पटला नाहीं. टिळकांच्या मागें उरलेल्या बहुतेक मंडळींची हीच अवस्था झाली. कोणी गांधीजींच्या मागें गेले, कोणी घरीं बसले. काकांना तिसरी वाट सांपडली आणि ती त्यांच्या घरापासूनच निघत होती. माझगांवच्या एका बाजूस गोदी, दुसऱ्या बाजूस भायखळा आणि गिरण्या. युद्धकाळांत धान्य-कापड महागलें होतें, पगार तेवढेच होते, आणि संपांवर संप होत होते. मुंबईच्या पोस्टमन लोकांनीं आपल्या संघाचें पुढारीपण काकांकडे दिलें. त्यांचा १९२० सालचा संप महिने न् महिने चालला. दारोदार टपाल टाकणाऱ्या माणसाच्या घरीं काय शिजतें, हा प्रश्न त्या संपामुळें शहराच्या कानीं प्रथमच नीट पडला असावा.

याच सुमारास आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेस हिंदी मजुरांचा प्रतिनिधि कोणी पाठवावा, असा वाद निघाला. मजुरांची सर्व देशाची एक संस्था नसल्यानें सरकार आपल्याच मनानें माणूस नेमीत असे. तें टाळावें म्हणून ३१ ऑक्टोबर १९२० रोजीं मुंबईस एंपायर थिएटरांत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचें पहिलें अधिवेशन भरलें. अध्यक्ष लाला लजपतराय, उपाध्यक्ष काका बॅप्टिस्टा. दुसरें अधिवेशन १९२१ च्या अखेरीस झरिया येथें कोळशाच्या खाणींच्या प्रदेशांत भरलें, त्याचे अध्यक्ष काकाच. खाणवाल्यांनीं तें भरूं नये म्हणून पुष्कळ खटपट केली. तरी खाणींतले मजूर हजारोंनीं आले. १९२४ सालीं जिनीव्हाच्या मजूर परिषदेस हिंदी मजुरांचे प्रतिनिधि म्हणून काका गेले. मालक-मजुरांच्या वैरावर त्यांचा भर नव्हता. संघटना, वाटाघाट आणि कायदा यांवर होता. पुढें आलेल्या लाल बावट्याच्या मंडळींना हें मत मवाळ वाटलें, आणि त्यांच्या दृष्टीनें तें होतेंहि. परंतु त्या मंडळींनीं ज्या ओट्यावर उभें राहून भाषणें केलीं, तो ओटा बांधणाऱ्यांत काका एक होते.

इतक्या उलाढालींत म्युनिसिपालिटीचें काम त्यांनीं सोडलें नाहीं. १९२२ सालच्या दुरुस्तीनें म्युनिसिपल मतदानाचा अधिकार महिना दहा रुपये भाडें देणाऱ्या भाडेकऱ्यापर्यंत आला; त्यापूर्वीं तो थोड्या सधनांचा होता. कॉर्पोरेशनचें रूप त्यामुळें पालटलें. अध्यक्षस्थानीं विठ्ठलभाई पटेल आले आणि त्यांच्यानंतर १९२५ सालीं बॅप्टिस्टा. त्या पदास 'मेयर' हें नांव पुढें १९३१ सालीं लाभलें. म्हणून जुन्या नोंदींत व्हिएगस काय, बॅप्टिस्टा काय, दोघेहि 'प्रेसिडेंट' असे आढळतात.

१९०९ पासून कायदेमंडळांत धर्मवार मतदारसंघ आले आणि १९३५ च्या कायद्यानें मुंबई इलाख्याच्या असेंब्लींत देशी ख्रिस्त्यांनाहि तीन राखीव जागा मिळाल्या. ती तरतूद करणाऱ्यांचा हेतु वाईट होता असें म्हणण्याचें कारण नाहीं. लहान समाज मोठ्या जमावांत बुडून जाईल ही भीति खरीच असते. परंतु मांडवीच्या वाण्याभाट्यांत राहणारे गोव्याचे डॉक्टर आणि पोस्टमनांचे पुढारी असलेले माझगांवचे बॅरिस्टर हे दोघे त्या तीन जागांच्या पूर्वींच्या काळांतले आहेत, आणि ख्रिस्ती समाजाचें नांव मुंबईंत त्यांच्याइतकें क्वचितच कोणी वर काढलें असेल. दोघांनींहि आपला धर्म लपविला नाहीं, आणि मतें मागतांना तो पुढेंहि केला नाहीं.

काका १८ सप्टेंबर १९३० रोजीं वारले. मिठाचा सत्याग्रह त्या वर्षीं ऐन भरांत होता, देशांतले बहुतेक पुढारी तुरुंगांत होते आणि वर्तमानपत्रांचे रकाने अटकांच्या बातम्यांनीं भरून जात होते. ज्या टेकडीवरच्या बागेस पुढें त्यांचें नांव मिळालें, तेथें पूर्वीं इंग्रजांचा माझगांवचा किल्ला होता. बागेच्या खालीं शहराच्या पाण्याचा मोठा हौद आहे. कठड्यापाशीं उभें राहिलें म्हणजे एका बाजूस गोदींतल्या क्रेना दिसतात, आणि जवळच कुठेंतरी, उंच इमारतींच्या मधोमध, माथारपाखाडीचीं कौलें असतात.